१७३ विरुद्ध २२: सॅन वाकीनच्या अधिवेशनाचं प्रकरण

८ डिसेंबर २००७, शनिवार. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सॅन वाकीन धर्मप्रांताचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालची स्थानिक चर्चं, म्हणजेच मंडळ्या. पाळकांची मतं मोजली: ७० बाजूने, १२ विरोधात. मंडळ्यांच्या प्रतिनिधींची मोजली: १०३ बाजूने, १० विरोधात. एकूण १७३ विरुद्ध २२. ठराव संमत झाला आणि अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चमधला एक अख्खा धर्मप्रांत त्या चर्चमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. एकेक मंडळी याआधीही फुटून गेली होती. पण १८६०च्या दशकातल्या यादवी युद्धाचा काळ सोडला तर बिशप, पाळक, समित्या, घटना, कॅथीड्रल आणि बँकखाती यांच्यासह संपूर्ण धर्मप्रांताने राष्ट्रीय चर्चला रामराम ठोकण्याची ही पहिलीच वेळ.

साडेआठ वर्षांनी, २०१६ साली, शेवटचा कोर्टनिकाल लागला तेव्हा मालमत्ता २२ वाल्यांकडे गेली.

एवढंच ऐकणाऱ्याला वाटेल की बहुमताचा गळा घोटला. दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणेल की चोरलेलं घर परत मिळालं. मला या प्रकरणात रस आहे तो तिसऱ्याच कारणासाठी. वार्षिक अधिवेशन नावाच्या सभेचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं उदाहरण सहसा सापडत नाही. आणि गंमत अशी, की ज्या प्रश्नावर सगळे आठ वर्षं भांडले, त्याचं उत्तर शेवटच्या कोर्टाने दिलंच नाही.

सभा कशी चालते

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. नावात बिशप असला तरी तिथला बिशप एकहाती कारभार करत नाही. प्रत्येक धर्मप्रांताची स्वतःची लिखित घटना असते, तिच्याखाली ‘कॅनन’ म्हणजे पोटनियम असतात आणि वर्षातून एकदा अधिवेशन भरतं. धर्मप्रांतातले पाळक हक्काने बसतात, तर प्रत्येक मंडळी आपल्या सभासदांमधून प्रतिनिधी निवडून पाठवते. अध्यक्षस्थानी बिशप. शेजारी चॅन्सलर, म्हणजे कायद्याचा सल्लागार. अंदाजपत्रक मंजूर करणं, स्थायी समिती निवडणं, तीन वर्षांनी भरणाऱ्या राष्ट्रीय महाअधिवेशनाला माणसं पाठवणं, आणि बिशपची जागा रिकामी असेल तर नवा बिशप निवडणं ही त्याची कामं. बहुतेक वर्षी ही सभा कंटाळवाणी असते. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, हिशेब, आभार, जेवण.

एक गोष्ट मात्र वेगळी. महत्त्वाच्या ठरावावर पाळक आणि सभासद-प्रतिनिधी यांची मतं वेगवेगळी मोजतात आणि दोन्ही गटांत बहुमत असावं लागतं. एका गटाने दुसऱ्याला दडपू नये म्हणून ही सोय. घटना बदलायची तर आणखी एक कुंपण असतं: एका वर्षीच्या अधिवेशनात पहिलं वाचन, पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात दुसरं. मध्ये बारा महिने थंड डोक्याने विचार करायला मिळतात. किमान कल्पना तरी तशी आहे.

या सगळ्याच्या वर राष्ट्रीय चर्चची घटना आहे. नव्या धर्मप्रांताला महाअधिवेशनात प्रवेश मिळतो तो राष्ट्रीय घटना आणि कॅनन मान्य असल्याचं आपल्याच घटनेत लिहून दिल्यावर. सॅन वाकीननेही ते लिहून दिलं होतं. १९११ पासून तो ‘मिशनरी जिल्हा’ होता, म्हणजे राष्ट्रीय चर्चच्या मदतीवर चालणारा भाग. १९६१ साली तो स्वतःच्या पायावर उभा राहिलेला धर्मप्रांत झाला.

मग प्रश्न असा. धर्मप्रांताच्या अधिवेशनाला स्वतःची घटना दुरुस्त करायचा अधिकार आहे, यावर दुमत नाही. पण ज्या कलमाच्या आधारे आपण मुळात त्या चर्चचा धर्मप्रांत आहोत, तेच कलम दुरुस्तीने काढून टाकता येतं का? झाडाच्या फांदीवर बसून फांदी कापणं एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. कापलेली फांदी स्वतःला झाड म्हणवू शकते का, हा खरा वाद.

खोऱ्यातला धर्मप्रांत

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस दिसतं. सॅन वाकीन धर्मप्रांत यांपैकी कशातच नाही. तो आहे मधल्या खोऱ्यात: उत्तरेला लोडायच्या द्राक्षबागांपासून दक्षिणेला बेकर्सफिल्डच्या तेलविहिरींपर्यंत, मध्ये स्टॉक्टन, मोडेस्टो, फ्रेस्नो. बदाम, मनुके, कापूस, दूध यांचा मुलूख. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा राजकारणाने आणि धर्माने जास्त परंपरावादी. २००७ साली धर्मप्रांतात सुमारे ४७ मंडळ्या आणि आठ-साडेआठ हजार सभासद होते. राष्ट्रीय चर्चच्या वीस लाखांहून अधिक सभासदांत हा आकडा म्हणजे दर्यामें खसखस.

भांडणाचं मूळ बहुतेक लोक २००३ मध्ये शोधतात. त्या वर्षी न्यू हॅम्पशायर धर्मप्रांताने जीन रॉबिन्सन यांना बिशप म्हणून निवडलं. ते पुरुष जोडीदारासोबत उघडपणे राहणारे होते. मिनिआपोलिसच्या महाअधिवेशनाने त्या निवडीला संमती दिली आणि जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये वणवा पेटला. पण सॅन वाकीनमध्ये लाकडं फार आधीपासून वाळत होती. १९७६ साली महाअधिवेशनाने स्त्रियांना याजकपदाची दीक्षा द्यायला मान्यता दिली. सॅन वाकीनने ती कधी मानली नाही. २००७ मध्ये स्त्रियांना याजक न करणारे अमेरिकेत तीनच धर्मप्रांत उरले होते: फोर्ट वर्थ, क्विन्सी आणि सॅन वाकीन. १९८८ पर्यंत इथे व्हिक्टर रिव्हेरा बिशप होते, तेही याच मताचे. त्यांचीच मुलगी पुढे दुसऱ्या धर्मप्रांतात याजक झाली आणि २००५ मध्ये ऑलिंपिया धर्मप्रांताची सहायक बिशप. (घरातला वाद घरात न मिटता थेट चर्चच्या इतिहासात गेल्याची अशी उदाहरणं कमी असतील.)

रिव्हेरांनंतर आले जॉन-डेव्हिड स्कोफिल्ड. कट्टर परंपरावादी, पण खोऱ्यातल्या बऱ्याच मंडळ्यांच्या मनातला बिशप. पुढची वीस वर्षं त्यांनी ज्यांना नेमलं, दीक्षा दिली, दुसरीकडून बोलावून घेतलं, ते पाळक साहजिकच त्यांच्या विचाराचे होते. अधिवेशनातले पाळकांचे ७० हात एका दिवसात वर झालेले नाहीत. ज्या सभेत अर्धे मतदार अध्यक्षाने निवडलेले असतात तिथे दोन गटांची वेगळी मोजणी हे कुंपण दिसतं तितकं उंच नसतं, असं माझं मत आहे. सभासद-प्रतिनिधींचा आकडा मात्र याहून बोलका आहे. त्यांना बिशपने नेमलं नव्हतं, मंडळ्यांनी निवडलं होतं, आणि त्यांचा पाठिंबा पाळकांपेक्षाही जास्त होता: ९१ टक्के. बिशपने लोकांना फरफटत नेलं, हे पुढे अनेकांनी लिहिलं. आकडा तसं सांगत नाही.

२००६ च्या जूनमध्ये राष्ट्रीय चर्चने कॅथरिन जेफर्ट्स शोरी यांना प्रमुख बिशप निवडलं. आधीच्या आयुष्यात त्या समुद्रशास्त्रज्ञ होत्या, निवडीच्या वेळी नेव्हाडाच्या बिशप. जगभरच्या अँग्लिकन चर्चांपैकी कुठल्याही एका राष्ट्रीय चर्चच्या प्रमुखपदी आलेली ही पहिली स्त्री. जो धर्मप्रांत स्त्रीला साधी याजक मानत नव्हता, त्याच्या डोक्यावर आता स्त्री प्रमुख बिशप.

दोन वाचनं, मधलं वर्ष

डिसेंबर २००६ च्या अधिवेशनात पहिलं वाचन १७६ विरुद्ध २८ मतांनी पार पडलं. राष्ट्रीय चर्चशी बांधणारे शब्द धर्मप्रांताच्या घटनेतून काढायचे, असा दुरुस्तीचा गाभा. ठराव पक्का झालेला नव्हता. वर्षभर पत्रं गेली, पत्रं आली. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘सदर्न कोन’ या दक्षिण अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चने दार उघडलं: अमेरिकेतून बाहेर पडणाऱ्या धर्मप्रांतांना आम्ही तात्पुरता आसरा देऊ. अर्जेंटिना, चिली, पेरू, बोलिव्हिया, पॅराग्वे, उरुग्वे हा त्यांचा मुलूख. प्रमुख ग्रेगरी व्हेनेबल्स, मुक्काम ब्युनोस आयर्स. फ्रेस्नोपासून हे कार्यालय हजारो मैल दूर, आणि टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं की सदर्न कोनच्या स्वतःच्या घटनेत कॅलिफोर्नियाचा समावेश होईल असं काही नाही.

आसरा आवश्यक का होता, हे समजून घ्यायला हवं. अँग्लिकन जगात एकटा धर्मप्रांत ही कल्पना नाही. बिशपला वर कुणीतरी हवं, कँटरबरीशी, म्हणजे इंग्लंडच्या मूळ चर्चच्या प्रमुख गादीशी, नातं सांगणारं कुणीतरी. नाहीतर बाहेर पडणाऱ्याची ओळख ‘आणखी एक फुटीर पंथ’ एवढीच उरते. म्हणून ठराव दोन पायांवर उभा केला: एपिस्कोपल चर्च सोडायचं आणि त्याच क्षणी सदर्न कोनमध्ये शिरायचं. मध्ये एक तासही अनाथ राहायचं नाही.

दुसऱ्या वाचनाच्या काही दिवस आधी जेफर्ट्स शोरींनी स्कोफिल्डना पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे उपयोग झाला नाही. निकाल तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी राष्ट्रीय चर्चकडून आलेल्या निवेदनात खेद होता आणि एक वाक्य, ज्यात पुढच्या सगळ्या लढाईचं बीज होतं: एपिस्कोपल चर्च सॅन वाकीनमध्ये आपलं काम चालू ठेवील. साध्या भाषेत सांगायचं तर माणसं गेली, धर्मप्रांत कुठे गेलेला नाही.

एका खोऱ्यात दोन गाद्या

जानेवारी ते मार्च २००८ हा या प्रकरणातला सगळ्यात मनोरंजक भाग, कारण इथे दोन्ही बाजूंनी नियम वाकवले.

स्थायी समितीत आठ जण होते, अर्धे पाळक, अर्धे सभासद. बिशपची जागा रिकामी झाली की हीच समिती धर्मप्रांताची कायदेशीर सत्ता ठरते. जानेवारीत स्कोफिल्ड यांनी आठपैकी सहा जणांना अपात्र ठरवलं. कारण? ते सदर्न कोनमध्ये यायला तयार नव्हते. आता राष्ट्रीय चर्चच्या दृष्टीने हे सहा जण म्हणजे सोनं असायला हवं होतं: निवडून आलेले, पदावर असलेले, बाहेर पडायला नकार देणारे. पण काहीच दिवसांत जेफर्ट्स शोरींनी त्यांना पत्र पाठवून कळवलं की आम्हीही तुम्हाला स्थायी समिती मानत नाही. अधिवेशनातल्या ठरावाच्या वाटचालीत हे लोक बिशपच्या सोबत होते, त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असा त्यामागचा विचार. दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात एकाच समितीला घराबाहेर काढलं. ना घर का ना घाट का, ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडलेली मी क्वचित पाहिली आहे.

१ मार्चला स्कोफिल्ड यांनी अमेरिकन बिशपांच्या सभागृहाचा राजीनामा पाठवला. तो स्वीकारला गेला नाही. १२ मार्चला टेक्सासमध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेने त्यांना पदच्युत केलं. तिथेही कुरबुर झाली. अशा पदच्युतीला सभेला हजर असलेल्यांचं बहुमत पुरतं की मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्या बिशपांचं लागतं, यावर कॅननचे शब्द कीस पाडून वाचले गेले. राष्ट्रीय चर्चने हजर बहुमताचा अर्थ धरला आणि पुढे गेलं.

मग २९ मार्च. ईस्टरनंतरचाच शनिवार. लोडायमध्ये जेफर्ट्स शोरींच्या अध्यक्षतेखाली विशेष अधिवेशन भरलं. जे राहिले होते ते जमले: काही मंडळ्या तशाच्या तशा, काही मंडळ्यांचे मूठभर सभासद, ज्यांची इमारत आणि पाळक दोन्ही पलीकडे गेले होते. त्यांनी निवृत्त बिशप जेरी लॅम यांना हंगामी बिशप निवडलं. विशेष अधिवेशन बोलावण्याचा अधिकार बिशपला किंवा स्थायी समितीला. बिशप पदच्युत, समिती अमान्य. मग हे अधिवेशन बोलावलं कुणी आणि कोणत्या कलमाखाली? प्रामाणिक उत्तर असं की गरजेपोटी. डिसेंबरमध्ये फ्रेस्नोने राष्ट्रीय घटना बाजूला ठेवली होती, मार्चमध्ये लोडायने धर्मप्रांताची घटना थोडी ताणली. मला वैयक्तिकरीत्या दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान वाटते, पण ती चूक नव्हती असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता खोऱ्यात दोन धर्मप्रांत होते. दोघांकडे बिशप, दोघांकडे घटना, आणि ‘१९६१ चा धर्मप्रांत तो आमचा’ असं दोघंही म्हणत होते. इमारती आणि पैसे मात्र जवळजवळ सगळे स्कोफिल्ड यांच्याकडे. एप्रिलमध्ये राष्ट्रीय चर्च आणि लॅम यांचा धर्मप्रांत फ्रेस्नोच्या कोर्टात गेले.

सातबाऱ्यावर नाव कुणाचं

अमेरिकेत कोर्टाला चर्चच्या भांडणात हात घालताना जपावं लागतं. कोणता सिद्धांत खरा, कोण खरा बिशप, हे धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीमुळे न्यायाधीश ठरवू शकत नाही. पण जमीन कुणाची हे तर ठरवावंच लागतं. १९७९ साली ‘जोन्स विरुद्ध वुल्फ’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाट दाखवली: धर्माकडे पाहू नका, खरेदीखतं पाहा, संस्थेची नोंदणी पाहा, घटना आणि पोटनियमांत विश्वस्त-मालकीबद्दल काय लिहिलंय ते पाहा. त्याच वर्षी एपिस्कोपल चर्चने एक कॅनन करून टाकला की मंडळीची मालमत्ता ही धर्मप्रांत आणि राष्ट्रीय चर्च यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूपोर्ट बीचच्या एका फुटीर मंडळीविरुद्ध निकाल देताना याच कॅननचा आधार घेतला.

पण तो कॅनन मंडळीच्या मालमत्तेबद्दल बोलतो. धर्मप्रांताच्या स्वतःच्या मालमत्तेबद्दल गप्प आहे. एक अख्खा धर्मप्रांतच निघून जाईल, हे १९७९ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नसावं.

इथे एक जुनी कायदेशीर रचना मध्ये येते. सॅन वाकीनच्या बऱ्याच जमिनी आणि इमारती ज्या नावावर होत्या ते नाव असं: ‘द प्रोटेस्टंट एपिस्कोपल बिशप ऑफ सॅन वाकीन’. हे माणसाचं नाव नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एकाच व्यक्तीची संस्था नोंदवता येते. पदावर जो असेल तो त्या संस्थेचा एकमेव सदस्य. आपल्याकडे मठाची गादी म्हणतात तसं समजा. गादीवरचा माणूस बदलतो, गादी तीच राहते आणि जमीन गादीची असते.

स्कोफिल्ड यांच्या लोकांना हे ठाऊक होतं. २००८ मध्ये त्यांनी या संस्थेच्या नोंदणीतलं नाव बदलून ‘द अँग्लिकन बिशप ऑफ सॅन वाकीन’ करायचा प्रयत्न केला आणि जुन्या नावावरून नव्या नावावर मालमत्तेची खतंही केली. अधिवेशनात मोठा ठराव पार पडला आहे, आता ही उरलेली कागदपत्रं, असा त्यांचा समज असावा.

२०१० मध्ये अपील कोर्टाने आधी एक गाठ सोडवली. एपिस्कोपल धर्मप्रांताचा बिशप कोण, हा धार्मिक प्रश्न. राष्ट्रीय चर्च म्हणतं लॅम, तर कोर्टाच्या लेखीही लॅम. मालमत्तेचं मात्र वेगळं बघा, कागदांवरून बघा. मग प्रकरण पुन्हा खाली. २०१४ मध्ये फ्रेस्नोचे न्यायाधीश डोनाल्ड ब्लॅक यांनी एपिस्कोपल बाजूने निकाल दिला, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं: ही उतरंडीची रचना आहे, खालचा धर्मप्रांत आपल्या मर्जीने बाहेर पडू शकत नाही. राष्ट्रीय चर्चला हवं होतं ते नेमकं हेच उत्तर.

एप्रिल २०१६ मध्ये पाचव्या जिल्ह्याच्या अपील कोर्टाने निकाल कायम ठेवला, पण कारण बदललं. धर्मप्रांत बाहेर पडू शकतो की नाही, हे ठरवायची आम्हाला गरजच नाही, असं कोर्ट म्हणालं. कागद पाहिले. नावबदलाला धार्मिक संस्थेची जी रीतसर मंजुरी लागते ती घेतलेली नव्हती, म्हणून नाव बदललंच नाही. आणि मालमत्तेची खतं केली तोवर स्कोफिल्ड पदच्युत झालेले होते. गादीवर नसलेल्या माणसाला गादीची जमीन देता येत नाही. जुलैमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी नाकारली. प्रकरण संपलं.

म्हणजे दोन वर्षं, दोन वाचनं, शेकडो मतं, सगळा जोर मोठ्या ठरावावर. लोक बायबल आणि अंतरात्मा यांवर मत देत होते, कोर्ट तारखा आणि सह्या वाचत होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे फार परकं वाटू नये. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकनांसह सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापल्या सभांमध्ये ठराव करून त्यात विलीन झाल्या. गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीचा ठरावही झाला होता. पण तिची मालमत्ता मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थेची होती, आणि काही सभासदांनी विलीनीकरण मानलं नाही. ते भांडण दोनदा भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००५ मध्ये न्यायालय म्हणालं की हा दिवाणी कोर्टाचा विषयच नाही, धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे जा. २०१३ मध्ये म्हणालं की निव्वळ ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, कायद्याने सांगितलेली पायरी चढावी लागते. तिथे लोक एकत्र येत होते, फ्रेस्नोत वेगळे होत होते. अडखळले मात्र एकाच उंबऱ्यावर. धर्मादाय कार्यालयात बदल अर्जाच्या फायली घेऊन ज्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना सॅन वाकीनचा निकाल वाचताना अजिबात धक्का बसणार नाही.

तीच मतं, वेगळी राज्यं

सॅन वाकीनच्या पाठोपाठ २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिट्सबर्ग, क्विन्सी आणि फोर्ट वर्थ यांच्या अधिवेशनांनी तशाच ठरावांवर शिक्का मारला; २०१२ मध्ये साउथ कॅरोलायना. २००९ च्या जूनमध्ये यातल्या बहुतेकांनी मिळून ‘अँग्लिकन चर्च इन नॉर्थ अमेरिका’ उभं केलं, त्यामुळे सदर्न कोनचा आसरा खरोखरच तात्पुरता ठरला. पण मालमत्तेचे निकाल पाहिले तर चक्रावायला होतं. पिट्सबर्गमध्ये राष्ट्रीय चर्चची बाजू जिंकली, कारण फुटीच्या तीन वर्षं आधीच दुसऱ्या एका खटल्यात झालेली लेखी तडजोड आडवी आली. इलिनॉयमध्ये क्विन्सीचे बाहेर पडलेले जिंकले. टेक्सासमध्ये फोर्ट वर्थचे बाहेर पडलेले २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. साउथ कॅरोलायनात २०१७ आणि २०२२ अशा दोन फेऱ्या होऊन मंडळ्यांची वाटणी झाली, काही इकडे, काही तिकडे. ठरावांची भाषा जवळपास सारखी, बहुमतं सारखीच दणदणीत. फरक राज्याच्या कायद्याचा आणि कपाटातल्या खतांचा. एखाद्या बिशपने आज मला विचारलं असतं (विचारणार नाहीच म्हणा), तर मी म्हटलं असतं की चॅन्सलरला आधी नोंदणी कार्यालयात पाठवा, अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका मग छापा.

स्कोफिल्ड यांनी शेवट पाहिला नाही. २०११ मध्ये ते निवृत्त झाले, एरिक मेनीस त्यांच्या जागी आले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये स्कोफिल्ड वारले. २०१६ च्या निकालानंतर इमारती हस्तांतरित झाल्या. त्यात फ्रेस्नोचं सेंट जेम्स कॅथीड्रल होतं आणि सिएराच्या पायथ्याशी ओकहर्स्टचं शिबिरस्थळही. मेनीस यांच्या मंडळ्यांनी भाड्याच्या आणि उसन्या जागांमध्ये उपासना चालू ठेवली; लोक त्यांच्याकडे होते, छप्पर गेलं. एपिस्कोपल बाजूची अडचण बरोबर उलटी: मोठाल्या इमारती, त्यांचे विमे, गळकी छपरं, आणि बाकांवर बसायला थोडी माणसं. काही वास्तू सांभाळणं परवडण्यासारखं नव्हतं. स्त्रियांना याजकपद मात्र इथे आता खुलं होतं.

लॅम यांच्यानंतर चेस्टर टॅल्टन, त्यांच्यानंतर २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या वायापू धर्मप्रांतातून आलेले डेव्हिड राइस, सगळे हंगामी. स्वतःचा कायम बिशप निवडण्याइतकी ताकद या धर्मप्रांतात आहे की शेजारच्यात विलीन व्हावं, ही चर्चा मध्ये मध्ये डोकं वर काढत राहिली. २०१७ मध्ये अधिवेशनाने राइस यांनाच कायम बिशप म्हणून निवडलं. पाळकांची मतं वेगळी, प्रतिनिधींची वेगळी, नेहमीप्रमाणे.